वारली चित्राला फुटाचा दर लावणं थांबवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पालघर जिल्ह्यातल्या आजच्या कलेची अवस्था काय, हा विषय निघाला की दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, वारली चित्र बाटलं. गेरू गेला, अ‍ॅक्रिलिक आलं, लग्नात भिंतीवर लिहायचा लग्नचौक गेला आणि चहाच्या कपावर तारपा, म्हणजे त्या फुंकवाद्याभोवतीचा नाच, आला. दुसरा म्हणतो, वारली जगभर पोचली, आता आणखी काय हवं? दोघांनीही धरून चाललेलं असतं की वारली ही एक ‘शैली’ आहे. चित्र कोणी काढलं, कधी काढलं, कशावर काढलं, याच्याशी दोघांना कर्तव्य नसतं. आमचं भांडण नेमकं तिथं आहे. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड या तालुक्यांत आज जे काढलं जातं ती समकालीन कला आहे आणि तिचं दुखणं रंगाच्या डब्यात नाही. ते खरेदीच्या पद्धतीत आहे: चित्र फुटावर मोजून, बिननावाचं आणि बिनतारखेचं घेतलं जातं.

‘समकालीन’ हा शब्द आम्ही उगाच ओढून आणत नाही. चित्रकार भास्कर कुलकर्णी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कागद आणि रंग घेऊन डहाणूच्या पाड्यांवर आले. गंजाडच्या कळंबीपाड्याचे जिव्या सोमा मशे यांनी त्या कागदावर काढलेली चित्रं १९७५ साली मुंबईत केमोल्ड गॅलरीत लागली. १९८९ साली पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातल्या ‘मॅजिशियन द ला तेर’ या प्रदर्शनात ते जगभरच्या समकालीन चित्रकारांच्या रांगेत होते. २००३ साली जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात त्यांची चित्रं रिचर्ड लाँग या ब्रिटिश शिल्पकाराच्या कामासोबत मांडली गेली. २०११ ची पद्मश्री तर सगळ्यांना ठाऊक आहे. गंजाडचेच मयूर आणि तुषार वायेडा यांचं काम २०२१ च्या ब्रिस्बेनच्या एशिया पॅसिफिक ट्रायनिअल या दर तीन वर्षांच्या कलाप्रदर्शनात होतं. बाहेर हे सगळं नावानिशी घडतं. आपल्या जिल्ह्यात मात्र तेच काम ‘भिंत सुशोभीकरण’ या खात्यात पडतं.

बाटलं म्हणणाऱ्यांसाठी आधी सामानाचं बोलू, कारण तिथे गैरसमज फार आहेत.

लग्नचौक सवासिनी लिहितात आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाते. मधे पालघट देवी, बाजूच्या छोट्या चौकात पाच डोक्यांचा देव पंचशिऱ्या, कडेला सूर्य, चंद्र, शिडी, फणी. भिंत कुडाची: कारवीच्या काठ्या, त्यावर माती-शेणाचा लेप, वरून गेरू. पांढरा म्हणजे भिजवून पाट्यावर वाटलेले तांदूळ आणि पाणी. टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. या पांढऱ्यात डिंक नसला तरी चालतं, कारण चौक टिकायचा असतो लग्नाच्या दिवसांपुरता. चार महिन्यांनी भिंत पुन्हा सारवली की विषय संपला. टिकाऊपणा ही या चित्राची मूळ गरजच नव्हती. गिऱ्हाईक मात्र तेच चित्र पन्नास वर्षं बैठकीत लावायचं म्हणून मागतं. सामान बदललं ते यामुळे. त्यात बाटण्यासारखं काही नाही. तांदळाचा पांढरा कापडावर वापरून पाहा. पहिल्याच पावसाळ्यात कसर आणि झुरळं रेघा खाऊन टाकतात, मागे तपकिरी ठसा उरतो. डिंक घातला तर रेघ पकडून राहते, पण किड्यांची मेजवानीही वाढते. पोस्टर कलर स्वस्त पडतो, पण ओल लागली की पुन्हा विरघळतो. जुलैत एकावर एक ठेवलेली दोन चित्रं ऑगस्टमध्ये एकमेकांना चिकटलेली मिळतात. टायटॅनियम व्हाइट अ‍ॅक्रिलिकला कीड लागत नाही, ओलीने ते सुटत नाही. त्याचा दोष एवढाच की काडीवर दोन-तीन मिनिटांत वाळतं. म्हणून काडी सतत पाण्यात बुडवावी लागते आणि टोक फुगलं की नवीन कापून घ्यावं लागतं.

कापडाचंही तसंच. मांजरपाट रात्रभर भिजवून, खळ पूर्ण धुऊन घेतल्याशिवाय त्यावर काही लावू नये. खळ राहिली की लेप वरच्यावर बसतो आणि सोलून निघतो, शिवाय कापड नंतर आक्रसून चित्राच्या कडा वाकड्या होतात. शेण दोनदा फडक्यातून गाळायचं, नाहीतर काडी प्रत्येक तुसाला अडखळते. गेरू असो वा शेण, त्यात एक भाग फेविकॉलला चार ते पाच भाग पाणी पुरतं. एक हात उभा, तो वाळला की दुसरा आडवा, दोन्ही पातळ. फेविकॉल कमी पडलं तर बोट घासल्यावर तांबूस लागतं. जास्त झालं तर लेप चकाकतो आणि गुंडाळताना तडकतो. कोपरा दुमडून पाहिला की कळतं. तयार चित्र पाठवताना घडी नको. चार इंची पीव्हीसी पाइपवर बटर पेपर लावून, चित्राची बाजू बाहेर ठेवून गुंडाळावं. बाजू आत ठेवली तर रंगाचा थर दाबला जाऊन रेघांच्या कपच्या उडतात. हे सगळं इथल्या चांगल्या चित्रकारांना माहीत आहे. पण मेळ्यासाठी एका आठवड्यात साठ नग द्या अशी ऑर्डर आली की खळ धुवायला वेळ कुणाला असतो? मग वर्षभराने तेच गिऱ्हाईक म्हणतं, आदिवासींच्या मालाला टिकाऊपणा नाही.

आता भिंतीकडे. कुडाची घरं कमी होत चालली आहेत आणि लोक पक्क्या घरात जात आहेत, याबद्दल कुणीही अश्रू ढाळू नयेत. पावसात गळणाऱ्या घरात राहा आणि आमच्यासाठी चित्र काढा, असं सांगण्याचा हक्क कुणाला नाही. पण प्रधानमंत्री आवास योजनेच्या घरकुलाची भिंत गुळगुळीत सिमेंटची असते. तिच्यावर शेण-गेरू नुसता फासला तर तो धरत नाही, वाळल्यावर पापुद्र्यासारखा गळतो. मग लग्नात चौक कापडावर काढून खिळ्याला टांगायचा, नाहीतर छापील चिकटवायचा. उपाय अगदी साधा आहे. देवघराच्या भिंतीचा पाच बाय पाच फुटांचा तुकडा प्लास्टर करताना घोटायचा नाही, ओला असतानाच खराट्याने किंवा करणीच्या टोकाने तिरक्या खाचा पाडून खरबरीत ठेवायचा. नंतर त्यावर माती, शेण आणि बारीक भाताचं तूस यांचा अर्धा इंच लेप दोन थरांत बसतो. गवंड्याला जादा काम काहीच नाही, उलट घोटाई वाचते. घरकुलाच्या नकाशात ही एक ओळ घालायला लागतो किती वेळ?

सरकारी भिंतींची कथा मात्र वेगळी आहे. रेल्वे स्टेशनांपासून उड्डाणपुलांच्या खांबांपर्यंत, ग्रामपंचायतीपासून शौचालयांपर्यंत वारली आता सगळीकडे आहे. काम ठेकेदाराला, दर चौरस फुटाला, आणि बिल ३१ मार्चच्या आत. म्हणजे भिंत कधी रंगवायची हे वाळवण्यावर ठरत नाही, मार्च एंडवर ठरतं. नवं प्लास्टर निदान २८ दिवस मुरू द्यायला हवं. ते आठव्या दिवशी रंगवलं की सिमेंटमधला खार ओलीबरोबर बाहेर येतो. इतर रंगकामात तो नुसता डाग दिसतो. वारलीत मात्र तांबड्या जमिनीवर, म्हणजे मागच्या लेपावर, पांढरी रेघ असते, त्यामुळे पांढरा खार फुटला की चित्रच हरवतं, नाचणारी माणसं कुठली आणि खार कुठला हे सांगता येत नाही. खर्च वाचवायला बाहेरच्या भिंतीला डिस्टेंपर मारला तर जव्हार-मोखाड्याचा एक पावसाळा तो धुऊन टाकतो. ऑइलपेंट मारला तर आतली ओल कोंडून फोड येतात. योग्य क्रम कुणाही रंगाऱ्याला विचारा: सुकलेली भिंत, पॉलिश पेपर, बाहेरचा प्रायमर, गेरू रंगाच्या एक्स्टीरियर इमल्शनचे दोन हात, आणि मग पांढरं इमल्शन, त्यात पाणी फार तर दहा-पंधरा टक्के. त्याहून पातळ केलं तर काम पटापट सरकतं, पण वर्षाच्या आत रेघेतून खालचा तांबडा डोकावू लागतो. जमिनीपासून दीड फूट चित्र काढूच नये, पागोळ्यांचा चिखल तिथे उडतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा कामाचा मोसम. टेंडर त्या हिशोबाने का निघत नाही, हे मंत्रालयालाच ठाऊक.

आणि दर. समजा फुटाला शंभर रुपये ठरले. तीन बाय दोन फुटांत मासे धरायचं जाळं काढायचं आहे. मशे यांची मासेमारीची चित्रं ज्यांनी जवळून पाहिली त्यांना जाळं म्हणजे काय ते कळेल: केसाएवढ्या रेघा एकमेकींत गुंतत साऱ्या कापडभर पसरतात आणि प्रत्येक डोळा वेगळा. हे काम बारा दिवसांचं. सहा फुटांचे झाले सहाशे रुपये. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये आहे, म्हणजे बारा दिवसांचे ३,७४४. खड्डे खणायला गेलं तर सहापट मिळतात. मग शहाणा माणूस काय करेल? तेवढ्याच सहा फुटांत चार मोठी माणसं, एक झाड, एक बैलगाडी, वर सूर्य. दोन तासांत मोकळा. दर फुटाचा ठेवला की बारीक काम करणाऱ्याला दंड आणि मोकळी जागा सोडणाऱ्याला बक्षीस, असा हा हिशोब आहे. चित्रं एकसारखी झाली अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी हा दर वाचावा.

एकसारखेपणा ओळखायला फार शिकावं लागत नाही. भिंगातून रेघ पाहा. काडीने ओढलेल्या रेघेच्या सुरुवातीला रंगाचा बारीक थेंब असतो, पुढे ती निमुळती होते, आणि काडी पुन्हा बुडवली ती जागा दिसते. बोट फिरवलं तर रंग किंचित उंच लागतो. मार्करची रेघ पहिल्यापासून शेवटपर्यंत एका जाडीची. छपाईत तर रेघच नसते, ठिपके असतात. शरीराचे दोन त्रिकोण टोकाला भिडतात तिथे चांगला चित्रकार हात थांबवतो आणि कंबर वळवतो, म्हणून नाचणारा नाचतो आणि ओझं वाहणारी वाकते. पट्टीने काढलेले त्रिकोण नुसते उभे राहतात. कार्यशाळांमधून शिकवला जातो तो हा पट्टीचा त्रिकोण.

शाळेचा मुद्दाही इथेच येतो. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषात कलेचा अंशकालीन निदेशक आहे, पण तो सहावी ते आठवीसाठी आणि शंभराहून जास्त पट असेल तिथे. पाड्यावरच्या चौथी-पाचवीपर्यंतच्या छोट्या शाळा त्यात बसतच नाहीत. पुढे एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांना संकल्पचित्राच्या पेपरात वारली माणसं किनार भरायला वापरतात. इंटरमिजिएटला ‘अ’ श्रेणी मिळाली की दहावीला सात गुण, म्हणून ती वापरतात. जिच्या घरात आजी चौक लिहिते त्या मुलीला तोच चौक शाळेत ‘डिझाइन’ म्हणून परत शिकवला जातो, तोही पट्टीने. निदेशकाच्या मानधनाचा प्रश्न बाजूला ठेवू, पण वर्षातून चार दिवस गावातल्या धवलेरीला आणि चौक लिहिणाऱ्या बाईला मानधन देऊन शाळेत बोलवायला कोणता कायदा आड येतो?

बाईचा विषय निघाला म्हणून एक टोचणारी गोष्ट. चौक लिहिणं हे बायकांचं. कागद आला, पैसा आला, आणि सही पुरुषाची झाली. आजही मोठ्या चित्रात आखणी एकाची आणि भरणी दुसरीची असते. दिवसचे दिवस झाडाची पानं, साळीच्या लोंब्या, जाळ्याचे डोळे भरणारीचं नाव चित्राच्या मागेही नसतं. याचं खापर बाजारावर फोडता येणार नाही, हे आपल्याच घरातलं आहे.

म्हणून आमचा सगळ्यात जास्त आग्रह चित्राच्या पाठीवरच्या मजकुराचा आहे. चित्र संपलं की मागे न पुसणाऱ्या शाईने लिहा: नाव किंवा नावं, पाडा आणि गाव, महिना-वर्ष, मोजमाप, जमीन कशाची, पांढरा कशाचा, विषय काय. समोरून आणि मागून फोटो काढा, बिलाची प्रत ठेवा. यामागे पैसा आहे. कॉपीराइट कायद्याच्या ५३अ कलमानुसार मूळ चित्र दहा हजारांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं तर त्यात चित्रकाराला, त्याच्या पश्चात वारसांना, दहा टक्क्यांपर्यंत हिस्सा मागता येतो. कुणाचं ते सिद्धच करता आलं नाही तर मागणार काय? चित्र विकलं म्हणजे छापायचा हक्क विकला असंही नाही. तो हक्क लेखी आणि सहीनिशीच देता येतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. तेव्हा कुर्त्यावर छापायचंय, पाठवा फाइल, असा निरोप आला की आधी किती नग, किती वर्षं, कुठे, हे कागदावर घ्या. नमुना म्हणून फोटो पाठवायचा तर लांब बाजू हजार पिक्सेलच्या वर नको. त्यावर कापड छापलं तर रेघ फाटते.

भौगोलिक मानांकनाचा मात्र गवगवा जास्त आणि समज कमी. २०१४ साली वारली चित्राला ते मिळालं, आदिवासी युवा सेवा संघाच्या अर्जावर. ते ‘वारली’ या नावाच्या वापराला संरक्षण देतं. त्रिकोणी माणूस कुणी काढावा हे ते ठरवत नाही. शिवाय त्याचा फायदा अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंद केलेल्यालाच. ती फी २०२० पासून दहा रुपये आहे. म्हणजे अडचण पैशाची नाही, फॉर्म भरून देणाऱ्या माणसाची आहे. तालुक्याच्या आठवडी बाजारात महिन्यातून एक दिवस टेबल टाकून कुणी बसलं तरी काम होईल.

राहिला विषयांचा प्रश्न. या जिल्ह्यात आज काय चाललंय? वाढवण बंदराचं ७६,२०० कोटींचं काम, बुलेट ट्रेनचे खांब, एक्स्प्रेसवे, दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणारी कुटुंबं. मागे वळून पाहिलं तर १९४५ चा वारल्यांचा उठाव. हे विषय काढणारे चित्रकार आहेत, आणि त्या रेघेत हे विषय उत्तम बसतात. बैलगाडी ज्या दोन चाकांत मावते तिथेच जेसीबीही मावतो. पण घेणारा विचारतो, तारपा आहे का? सरकारी खरेदीतही तारपाच. आम्हाला तारपा प्रिय आहे. पण एखाद्या प्रांताच्या चित्रकारांनी पन्नास वर्षं एकच नाच काढावा अशी अपेक्षा जगात दुसऱ्या कुठल्या समकालीन कलेकडून केली जाते? राज्य कला प्रदर्शनासारख्या ठिकाणी ही चित्रं हस्तकलेच्या दालनात न पाठवता इतर चित्रांच्या रांगेत, त्याच परीक्षकांसमोर जावीत. पडली तर पडली.

जिल्हा परिषदेला आणि सार्वजनिक बांधकाम खात्याला आमचं इतकंच मागणं आहे: पुढच्या भिंतीच्या टेंडरमध्ये ‘चौरस फूट’ या रकान्याऐवजी ‘कामाचे दिवस’ हा रकाना ठेवा, रंग आणि भिंतीची तयारी ठेकेदाराकडे द्या, चित्र चित्रकाराकडे, आणि भिंतीच्या उजव्या कोपऱ्यात, दीड फुटाच्या वर, एक वीतभर जागा नावांसाठी मोजून सोडा.

संपादक महोदय, एक मागणं आपल्याकडेही आहे. ९ ऑगस्टला, आदिवासी दिनी, वर्तमानपत्रांत पानाच्या कडेने वारली नक्षी असते. बहुतेकदा ती कुठून तरी उतरवून घेतलेली असते. यंदा ती जिल्ह्यातल्याच कुणाकडून काढून घ्या, आणि छायाचित्राखाली छायाचित्रकाराचं नाव छापता त्याच टायपात ती काढणाऱ्याचं वा काढणारीचं नाव छापा.

आपले,
डहाणू-जव्हार परिसरातील काही चित्रकार व कलाशिक्षक